बैठी धमाल

गीरच्या जंगलाला लागून असलेल्या एका हॉटेलात, सिंह न दिसल्याने हिरमुसलेल्या पाहुण्यांसाठी रात्री ‘आफ्रिकन डान्स’ ठेवला होता. मोरपिसांचे घागरे, तोंडावर पांढरे पट्टे, ढोलांचा कडकडाट आणि शेवटी उंच फेकलेला नारळ डोक्यावर झेलून फोडणारा एक तरुण. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, पाहुणे जेवणाच्या रांगेकडे वळले. कोपऱ्यातला एक म्हातारा मात्र वाजवायचा थांबला नाही. पोरं नारळाचे तुकडे पिशवीत भरत होती आणि हा डोळे मिटून काहीतरी संथ वाजवत बसला होता. इतका वेळ चाललेल्या ठेक्याशी त्याचा काही संबंध दिसत नव्हता. मॅनेजरने स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावलं, तेव्हा त्याने ढोलावर हात पालथा ठेवला आणि उठला. ते संथ काय होतं, एवढंच विचारायला मी दुसऱ्या दिवशी जांबूरला गेलो.

जांबूर हे आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं गाव, तालाळा तालुक्यात, केसर आंब्याच्या मुलखात आहे. चेहरे आफ्रिकेचे आणि बोली काठियावाडी, हे वाक्य इथे येणारा प्रत्येक जण लिहितो. मीही लिहून टाकतो, म्हणजे सुटलो. नगारची पीराचा दर्गा इथलाच. पीरसुद्धा ढोल वाजवणारा, त्यामुळे गावात वाजवण्याला कुणी छंद म्हणत नाही.

सगळे त्या म्हाताऱ्याला चाचा म्हणतात. ते अंगणात वाळलेलं गवत पेटवून बसले होते. थंडीने ढोलाचं कातडं सैल पडतं, ते आधी तापवावं लागतं. एक पोरगा ढोल आडवा धरून जाळावर फिरवत होता. चाचा मधूनच कडेकडेने बोट आपटून बघायचे. एका जागी भद्द, चार बोटं पुढे टणक. ‘अजून.’ पोराने घाईने ढोल खाली नेला, तसा केस जळल्याचा वास उठला आणि चाचांनी त्याच्या मनगटावर टपली मारली. गवताचा धूर, तापलेलं कातडं आणि वर टाकलेला लोबान, तिन्हींचा मिळून एक वास होतो. तो शर्टातून दोन धुण्यांत गेला नाही आणि मला त्याची तक्रार नाही.

मग शिकवणी सुरू झाली. नऊ ते पंधरा वयाची पोरं, कुणाच्या अंगात शाळेचा सदरा, कुणाच्या क्रिकेटचा. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल आणि मुसिंडो हा छोटा. मोठ्याने जमीन धरायची, छोट्याने तिच्यावर खेळायचं. ठेका चुकला की चाचा बोलून दाखवत नाहीत. पोराला पाठमोरं बसवतात आणि दोन्ही तळव्यांनी त्याच्या पाठीवर तो वाजवतात. पोराने तो पाठीतून हातात आणायचा. जमलं नाही तर एकच शब्द, ‘फरीथी.’ पुन्हा. माझ्यासमोर एका पोराची पाठ त्यांनी इतक्या वेळा वाजवली, की शेवटी त्याने वैतागून सदरा वर करून दाखवला. चाचा हसले आणि पुन्हा सुरू झाले.

संपूर्ण वेळात आफ्रिका हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. आला तो बाबांचा उल्लेख. बाबा म्हणजे बावा गोर, हबश देशाहून आलेला पीर. त्यांचा दर्गा भरूच जिल्ह्यात, रतनपूरच्या डोंगरावर आहे. त्या डोंगरातला अकीक खंभातला जाऊन घडतो आणि त्या धंद्यातली माणसंही बावा गोरला मानतात. जिक्रांत, म्हणजे दर्ग्यातल्या गाण्यांत, काही शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे आहेत. पोरं ते कानाने उचलतात आणि तसेच म्हणतात. एकाने अर्थ विचारला, तर चाचा म्हणाले, ‘बाबांना कळतो.’

आदल्या रात्रीच्या त्या संथ वाजवण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आधी हॉटेलचा हिशेब सांगितला. ‘पंचवीस मिनिटं. मॅनेजर घड्याळ लावतो.’ धमाल म्हणजे यांचं ढोलावरचं गाणं-नाच. त्या पंचवीस मिनिटांत उभी धमाल, नाच, नारळ. बसून वाजवायची आणि गायची ती बैठी धमाल. ती दर्ग्यात होते आणि रात्रभरही चालते. तिची सुरुवातच इतकी हळू असते, की हॉटेलचा पाहुणा तेवढ्यात पनीर संपवून खोलीवर जाईल. ‘पंचवीस मिनिटांत बैठी बसतसुद्धा नाही,’ चाचा म्हणाले. म्हणून चाचा ती कार्यक्रम संपल्यावर वाजवतात, स्पीकर लागेपर्यंत.

पोरांना अर्थातच उभी धमाल हवी असते. नारळ फोडता आला की हॉटेलच्या गाडीत जागा मिळते आणि रात्रीचे पैसे. गुरं राखण्यापेक्षा किंवा आंब्याच्या बागेत मजुरी करण्यापेक्षा ते बरे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण नारळाचा सराव बघवत नाही. पोरं आधी चिंध्यांचा चेंडू झेलतात, मग फुटका नारळ, मग अख्खा. टाळूवर नेमकी जागा कोणती आणि मान किती कडक धरायची, हे थोरली पोरं धाकट्यांना शिकवतात. त्या वेळी चाचा पाठ फिरवून बिडी ओढतात. ही कला नाही असं ते म्हणत नाहीत. फक्त ती शिकवायला ते बसत नाहीत.

त्यांनी एक अट मात्र घातली आहे. गुरुवारी दर्ग्यात बैठीला बसेल, त्यालाच शनिवारी हॉटेलच्या गाडीत जागा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जंगल बंद असतं आणि हॉटेलं ओस पडतात. तेव्हा खरी शिकवणी होते. हंगामात गुरुवारची हजेरी ही निव्वळ वसुली. मी गेलो त्या गुरुवारी पोरं आली होती. दोघं भिंतीला टेकून झोपली. चाचांनी त्यांना उठवलं नाही. म्हणाले, झोपेतही कानात जातं. मला हे पटलं नाही, पण त्यांच्या शिष्यांतले आज चांगले वाजवणारे दोघे असेच झोपत असत म्हणे.

आता एका मुलीबद्दल. बारा-तेरा वर्षांची असेल. शिकवणीच्या गोलाबाहेर, भांडी घासून झाल्यावर पालथ्या प्लास्टिकच्या टबावर ती बसल्या बसल्या मुसिंडोचा ठेका वाजवत होती. गोलातली पोरं घसरली, की चाचा हनुवटीने तिच्याकडे खूण करत. तिच्याकडे बघा. पोरं बघत आणि सावरत. दर्ग्यात बायका गातात, माई मिश्रा वाजवतात. नारळाची करवंटी, आत खडे आणि वरून कापड शिवलेलं, असा तो खुळखुळा. त्याला नाव आहे बावा गोरच्या बहिणीचं. रतनपूरच्या डोंगरावर एक राक्षसी होती, तिला भावाने नाही, या बहिणीने संपवलं, अशी कथा आहे. म्हणजे दैवतांत बहीण आहे, गाण्यात बायका आहेत, तरी हॉटेलच्या गाडीत या मुलीला जागा नाही. याच गावच्या हिरबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, बालवाड्या आणि बायकांच्या बचतीच्या कामासाठी. मी त्यांचं नाव काढून चाचांना डिवचलं. ते म्हणाले, ‘मी नाही म्हणतो का? तिची आई म्हणते. रात्री अकराला परत कोण सोडणार?’ आईला विचारलं, तर तिने टब उचलून आत नेला.

मी महाराष्ट्रातला, हे कळल्यावर चाचा म्हणाले, ‘म्हणजे जंजिरावाले.’ आपल्या डोक्यात सिद्दी म्हणजे शाळेच्या पुस्तकातला, १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला जौहर. थोडं वाचलं असेल तर खडकी वसवणारा मलिक अंबर. आणि मुरूडच्या होडीतून दिसणारा तो हाती न आलेला तट. सगळ्या तलवारीच. काठियावाडच्या किनाऱ्यावरचं जाफराबादही जंजिऱ्याच्याच अंमलाखाली होतं, संस्थानं विलीन होईपर्यंत. चाचांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. ‘ते नवाब. आम्ही फकीर.’

फकिराचं वाद्य मलुंगा. धनुष्याला तार, दांड्याला बांधलेला भोपळा, एका हातात काडी आणि त्याच हातात खुळखुळा. दुसऱ्या हाताने तार दाबायची. खांद्याला तो लावून, बावा गोरच्या नावाने गात दारोदार फिरायचं. याचा भाऊबंद ब्राझीलमध्ये बेरिंबाउ नावाने नांदतो. गुलामांच्या जहाजांबरोबर गेलेला तो तिथे कापोएरा या नाच-झुंजीच्या प्रत्येक वर्तुळात वाजतो. इथे मात्र वाजवणारे कमी होत गेले. नझीर अली जयराजभॉय आणि एमी कॅटलिन-जयराजभॉय या संगीत-अभ्यासक दांपत्याने २००४ मध्ये त्यावर माहितीपट केला, तोही हे वाद्य पुन्हा वाजतं करण्याच्या खटपटीचा. चाचांना मलुंगा वाजवता येतो. शिकायला एक पोरगा तयारही आहे. दुचाकीच्या गॅरेजात काम करतो, तार तोच आणणार आहे. ‘याला पंचवीस मिनिटं तरी कोण देणार,’ असं म्हणत चाचांनी तार दाबण्याची बोटं हवेत दाखवली. हवेत, कारण मलुंगा घरात नव्हता. तो हॉटेलवाल्यांनी विकत घेऊन स्वागतकक्षात खिळ्यावर लावला होता.

बाहेरच्यांना यांच्यात नेहमी काहीतरी आफ्रिकन हवं असतं. १९८७ मध्ये क्रीडा प्राधिकरणाने गुजरात-कर्नाटकातली सिद्दी पोरं धावण्यासाठी निवडली, कारण रक्तात असणार. काही वर्षांत ती योजना गुंडाळली गेली. हॉटेलच्या पाटीवरही तेच रक्त आहे, फक्त मोरपिसं लावलेलं. चाचांच्या अंगणात जे चालतं त्याला वारशाचं शिक्षण म्हणायला मला हरकत नाही. पण तिथे कुणी वारसा शिकवत बसलेलं नव्हतं. ठेका शिकवत होते, गुरुवार शिकवत होते आणि पाठीवर मार खाल्लेली पोरं तो पुढे कुणाच्या तरी पाठीवर उतरवतील, एवढीच योजना होती.

निघताना मलुंगाच्या भोपळ्याचा विषय निघाला, तेव्हा मी सांगितलं, की मिरजेला सतारी आणि तंबोरे करणारी घराणी आहेत, त्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात. चाचा एकदम कामाचं बोलू लागले. केवढा असतो? मी हातांनी दाखवला. त्यांनी माझे हात धरून जवळ आणले, नारळाहून थोडा मोठा, एवढाच. तंबोऱ्याचा नको, तो पोटावर बसत नाही. पूर्ण वाळलेला हवा, आतून बिया खुळखुळ वाजल्या पाहिजेत. किंमत आधी कळवा. गॅरेजवाल्या पोराने वहीचं पान फाडून त्यावर पत्ता लिहून दिला. चाचांनी तो वाचून घेतला आणि एक ओळ वाढवायला सांगितली. हॉटेलच्या नावावर पाठवू नका, ते भिंतीला लावतात.