यंत्राचा राग नको, हिशेब हवा

१४ एप्रिल जवळ आला की पूर्वी वस्तीतल्या पेंटरला झोप नसे. कापडी फलक, कमान, बाबासाहेबांचे मोठे चित्र, सारे त्याच्याच हातचे. मग फ्लेक्स आला आणि मंडळांच्या जमाखर्चातून 'पेंटर' हे खाते पुसट होत गेले. आता त्याच्याही पुढचे यंत्र आले आहे. संगणकाला चार ओळींत सांगितले की चित्र तयार. भीमगीत म्हटले की शब्द, चाल आणि आवाजसुद्धा तयार! मग आमच्या कलावंतांनी करायचे काय?

यंत्रावर राग काढून उपयोग नाही, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात यंत्राची बाजूच घेतली आहे. ढोरमेहनतीतून फुरसत मिळाल्याशिवाय माणसाचे जीवन सुसंस्कृत होत नाही आणि ती फुरसत यंत्र देते, असे त्यांनी मांडले. दोष यंत्राचा नाही. त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे.

तेव्हा हिशेब मांडू या. हे यंत्र शून्यातून काही करीत नाही. माणसांनी काढलेली कोट्यवधी चित्रे, गायिलेली गाणी त्याला पुरवली जातात. त्यांची ठेवण हेरून ते नवे जुळवते. मूळ कलावंताला बहुतेक वेळा ना विचारणा, ना मोबदला. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तीन चित्रकारांनी अशा कंपन्यांविरुद्ध दावा लावला. राबायचे एकाने आणि फळ दुसऱ्याने न्यायचे, हे आपल्या पिढ्यांनी भोगलेच आहे.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि भीमगीते घेऊन गावोगाव हिंडले. यंत्राला यमक जुळवता येईल. पण पाणवठ्यावरून हाकलले जाण्याचे दुःख त्याने सोसलेले नाही. ते सोसलेल्यांचे गाणे आपणच जपले पाहिजे.

बंधुभगिनींनो, येत्या जयंतीला एवढे करा. एक तरी फलक वस्तीतल्या पेंटरकडून रंगवून घ्या आणि खाली त्याचे नाव घाला. गायन पार्टीची बिदागी त्याच रात्री चुकती करा. विहारात मुलांना आपल्या आजीची हकिकत गाण्यात बांधायला सांगा. आणि संगणकही शिकवा. ते यंत्र चालवणाऱ्यांत, त्याचे नियम ठरवणाऱ्यांत आपली मुले असलीच पाहिजेत.

जयभीम!