आधी जखम, मग गाणं

गायकांच्या आयुष्यावरचे दोन-तीन हॉलिवूडपट पाहिले, की चौथ्यात काय होणार ते आपण आधीच सांगू शकतो. लहानपणी घरात एक मृत्यू. मग गाणं, पैसा, नशापाणी. बायको सोडून जाते. शेवटी रंगमंचावर परतून सगळ्यांची माफी. आज आपण बोलणार आहोत ते या साच्याची टर उडवणाऱ्या चित्रपटांबद्दल, मुख्यतः 'वॉक हार्ड: द ड्युई कॉक्स स्टोरी' (२००७) या एका अत्यंत वाह्यात चित्रपटाबद्दल. ड्युईच्या भूमिकेत आहे जॉन सी. रायली.

सुरुवातच बघा. कार्यक्रमाची वेळ झालीय आणि ड्युई आत भिंतीला टेकून, मान खाली घालून उभा. बोलवायला आलेल्या माणसाला सांगितलं जातं, जरा थांबा, गाण्याआधी त्याला आपलं सगळं आयुष्य आठवून घ्यावं लागतं! हा टोला थेट 'वॉक द लाइन'ला (२००५) आहे. तिथे जॉनी कॅश फॉल्सम तुरुंगात गाण्याआधी करवतीच्या पात्याकडे बघतो आणि आपण त्याच्या बालपणात जातो, कारण त्याचा भाऊ करवतीच्या अपघातात गेलेला असतो. त्याआधीच्या 'रे'मध्ये (२००४) रे चार्ल्सचा धाकटा भाऊ टबात बुडून जातो. आणि ड्युई? तो खेळता खेळता कोयत्याने भावाचे मधोमध दोन तुकडे करतो, आणि तो भाऊ त्यानंतरही शांतपणे बोलत राहतो. रे आंधळा होतो. ड्युईला वास येईनासा होतो.

इथे हसताना आम्हाला जरा अपराधी वाटलं होतं. ते दोन्ही मृत्यू खरे आहेत. जॅक कॅश १९४४ साली खरंच तसा गेला. मग आपण हसतो कशाला? मृत्यूला नाही, हिशेबाला. भाऊ गेला म्हणून गाणं आलं, असा हिशेब हे चित्रपट मांडतात. अहो, भाऊ कितीतरी जणांचे जातात. रियाज, सोबतचे वादक, स्टुडिओत वाया गेलेल्या दुपारी, हे सगळं पडद्यावर कंटाळवाणं होतं. जखम दोन मिनिटांत दाखवता येते.

या हिशेबापायी खऱ्या माणसाचं काय होतं, ते 'बोहेमियन रॅप्सडी'त (२०१८) दिसतं. म्हणजे टर उडवून अकरा वर्षं झाली तरी साचा तसाच! त्यात फुटलेला 'क्वीन' बँड लाइव्ह एडसाठी पुन्हा एकत्र येतो आणि तालमीत फ्रेडी मर्क्युरी आपल्याला एड्स झाल्याचं सांगतो. प्रत्यक्षात बँड फुटलेला नव्हता. १९८५च्या मे महिन्यापर्यंत त्यांचा दौरा चालू होता आणि लाइव्ह एड झाला जुलैत. आजाराचं निदान, त्याचा जोडीदार जिम हटनच्या सांगण्यानुसार, १९८७चं. एका माणसाचं मरण शेवटच्या गाण्याला रंग यावा म्हणून अलीकडे ओढलं. आणि हाच फ्रेडी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. ती वर्षं चित्रपटात जवळजवळ नाहीतच. या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यातलं एक संकलनाचं.

'वॉक हार्ड' मात्र तिकीटबारीवर आपटला. तरी तो टिकला, आणि आमच्या मते त्याचं कारण गाणी. विडंबन म्हटलं की आपल्याला अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवतात. तिथे छंद पक्का आहे म्हणून थट्टा लागू पडते. इथेही तसंच. रायली स्वतः गातो, बरं गातो, आणि गाण्यांच्या चाली खरोखरच त्या-त्या दशकातल्या वाटतात. बाकी सगळा धुडगूस. चाळिशी उलटलेला रायली चौदा वर्षांचा ड्युई म्हणून उभा राहतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. महर्षींकडे ध्यानाला बसलेले बीटल्स एकमेकांना पूर्ण नावाने हाका मारतात, कारण चरित्रपटात कोण कोण आहे ते प्रेक्षकाला सांगावं लागतं ना!

याच्या पुढची मजल 'वीअर्ड'ची (२०२२). दुसऱ्यांच्या गाण्यांची विडंबनं करणारा अल यांकोविक त्याचा सहलेखक. त्यात मायकेल जॅक्सनच यांकोविकच्या गाण्याची नक्कल करतो, आणि १९८५ साली भर पुरस्कार सोहळ्यात यांकोविकचा खून होतो. खरा यांकोविक त्याच चित्रपटात रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाचं छोटं काम करतो.