शब्द कसा सापडतो? (लेखांक ५) : वडीगोद्रीची अक्षरे पोटात घेणारा शब्द

मागच्या लेखांकात एकाच शब्दाची अक्षरे हलवून दुसरा शब्द कसा काढायचा ते पाहिले. या आठवड्याचे कोडे दिसायला मोकळे आहे, पण सोडवायला जास्त अवघड. काही अक्षरे दिलेली आहेत. ती सगळी ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. बाकीची अक्षरे कितीही चालतील, आणि शब्द जितका लांब तितका चांगला. शिष्यवृत्तीच्या किंवा पोलीस भरतीच्या बुद्धिमत्ता चाचणीत नेमका उलटा प्रश्न येतो. तिथे मोठा शब्द दिलेला असतो आणि त्याच्या अक्षरांतून कोणता छोटा शब्द बनत नाही ते ओळखायचे असते. तिथे समोर चार पर्याय असतात, इथे अख्खा शब्दकोश.

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीचेच नाव घेऊ. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो तिथले हे गाव. इंग्रजीत त्याचे नाव कुठे व्हीने लिहितात, कुठे डब्ल्यूने. आधी व्ही धरू: व्ही, ए, डी, आय, जी, ओ, डी, आर, आय. अक्षरे नऊ, पण डी आणि आय दोनदा आल्याने वेगवेगळी अक्षरे सातच. त्यामुळे कोडे घालणाऱ्याने पहिल्यांदा एक गोष्ट ठरवायला हवी: प्रत्येक अक्षर एकदा आले तरी पुरे, की नावात जितक्या वेळा आहे तितक्या वेळा शब्दातही हवे? ही दोन वेगळी कोडी आहेत. दुसरे फार कडक.

सोप्यापासून सुरुवात करू. मुले बहुतेक वेळा ए पासून शोधू लागतात आणि तिथेच अडकतात, कारण ए असलेल्या शब्दांना अंत नाही. सुरुवात दुर्मिळ अक्षरापासून करावी. न्यूयॉर्कचा वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स याने १९३० च्या दशकात पुढे स्क्रॅबल म्हणून प्रसिद्ध झालेला खेळ रचला, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून त्यांचे गुण ठरवले. त्या खेळात ए, आय, ओ, आर यांना एकेक गुण, डी आणि जी यांना दोन, तर व्ही आणि डब्ल्यू यांना चार. म्हणजे आपल्या नावातले सगळ्यांत अडेल अक्षर व्ही. आधी त्याची सोय लावायची.

आता खरी युक्ती. इंग्रजीतले बहुतेक लांब शब्द तुकडे जोडून बनलेले असतात: पुढे एक जोड, मध्ये मूळ शब्द, मागे एक जोड. दिलेल्या अक्षरांकडे पाहताना हे जोड कुठे लपले आहेत ते आधी शोधावे. आय आणि जी आहेत, तर मागे ‘-इंग’ लावता येते. एन फुकट मिळतो. ओ, व्ही आणि आर आहेत, तर पुढे ‘ओव्हर-’ बसते. सातपैकी पाच अक्षरे मार्गी लागली. उरले ए आणि डी. ही दोन असलेला आणि ओव्हरनंतर शोभणारा छोटा शब्द म्हणजे लोड. झाला शब्द तयार: ओव्हरलोडिंग. अकरा अक्षरे, आणि सातही त्यात हजर. उसाच्या हंगामात रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाहणाऱ्या मुलाला हा शब्द मुद्दाम शिकवावा लागत नाही. त्याच्या पोटात वडीगोद्री विखुरलेली आहे, एवढे दाखवले की पुरे.

डब्ल्यूवाल्यांनी नाराज होऊ नये. वुडकार्व्हिंग, म्हणजे लाकडावरचे कोरीवकाम, याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यूही आहे आणि व्हीही. अकरा अक्षरांचा हा शब्द गावाच्या दोन्ही स्पेलिंगना पुरतो. मला तो ओव्हरलोडिंगपेक्षा जास्त आवडतो.

आता कडक अट: दोन डी आणि दोन आय. ‘ओव्हर-’ तसाच ठेवून मध्ये डायग्नोस घेतला की ओव्हरडायग्नोसिंग हा चौदा अक्षरी शब्द मिळतो. नसलेला आजार आहे असे निदान करणे, किंवा ज्याचा त्रास कधी झालाच नसता असा आजार शोधून काढणे, असा त्याचा अर्थ. यात आय दोन आहेत, पण डी एकच. शेवटचा जोड बदलून ओव्हरडायग्नोस्ड करावे, तर डी दोन होतात आणि एक आय जातो. एका अक्षराने हुकलेला असा शब्दही वहीत लिहून ठेवावा, कारण कोणता जोड काय देतो आणि काय नेतो ते त्यातूनच कळते.

संगणक हे काम वेगळ्या पद्धतीने करतो. तो प्रत्येक शब्दासाठी सव्वीस खुणांची ओळ मांडतो. अक्षर असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. मग दिलेल्या अक्षरांची ओळ तिच्याशी ताडून पाहतो. १९३४ च्या वेबस्टर कोशावरून केलेली २,३४,९३६ शब्दांची एक यादी अनेक संगणकांत असते आणि ती क्षणात चाळून होते. पण अशा यादीत मूळ शब्द असतात. -इंग, -एड लावलेली रूपे पुष्कळदा नसतात. जोड ओळखणारी मुलगी तिथे यंत्राच्या पुढे जाते.

अक्षरे क्रमानेही यायला हवीत अशी अट घातली, तर कोडे आणखी रंगते. अंबडचे इंग्रजी स्पेलिंग घ्या: ए, एम, बी, ए, डी. अॅम्बॅसेडर या शब्दात ही पाचही अक्षरे याच क्रमाने येतात. आणखी लांब शब्द हवा असेल तर अॅम्बॅसेडरशिप, चौदा अक्षरांचा.

अक्षरे क्रमाने ओवण्याचा हा छंद मराठीला नवा नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अक्षरांच्या नाना अटी घालून रामायणे रचली. परंपरा त्यांची संख्या १०८ सांगते. त्यांतल्या काहींत त्यांनी तेरा अक्षरांचा राममंत्र गोवला. हाच समर्थ संप्रदायाचा मंत्र, आणि समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. निरोष्ठ रामायणात पंतांनी उलटी अट पाळली: ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे आणायचीच नाहीत. म्हणजे रामाची कथा, आणि राम हे नावच वर्ज्य! इतके अवघड बंधन स्वतःहून घालून घेणाऱ्याचा शब्दसंग्रह केवढा असेल, याची कल्पना कोडे सोडवताना येते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. शिक्षकांना विनंती अशी की स्पेलिंग पाठ करून घेण्याआधी एक तास मुलांना आपापल्या गावाचे नाव घेऊन हे कोडे सोडवू द्यावे. जालन्याला जर्नलिस्टिकली हा शब्द पुरतो, दोन्ही ए धरून. वडीगोद्रीसाठी दोन डी आणि दोन आय असलेला शब्द मात्र मला मिळालेला नाही. कोणाला सापडला, तर अवश्य कळवावे.