बरणीतील टोमॅटो व शिजविलेली सुकी बोरे

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की वैनगंगेच्या काठच्या मळ्यांतून भाजीपाला निघू लागतो. पौष-माघात टोमॅटो व बोरे एकाच वेळी बाजारात येतात. आवक वाढताच टोमॅटोचा भाव कोसळतो व पुष्कळ माल बांधावर सडून जातो. पुढे वैशाखात मात्र अनेक घरांच्या ताटात भात व वरण एवढेच उरते. म्हणून हंगामातच काय साठवून ठेवावे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने केला पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत हिवाळ्याच्या बेगमीसाठी डबाबंद टोमॅटो व सुका आलुबुखारा हे दोन्ही घरात ठेवीत असत. त्यांची तुलना आपणांस उपयोगी पडेल. डबाबंद टोमॅटोच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 20 उष्मांक व 10 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. साखरेवाचून शिजविलेल्या तेवढ्याच आलुबुखाऱ्यात सुमारे 107 उष्मांक व 3 ग्रॅम चोथा असतो. परंतु क जीवनसत्त्व जेमतेम 3 मिलिग्रॅम. तात्पर्य, एक फळ शक्ती देते व कोठा साफ ठेवते, तर दुसरे जीवनसत्त्व पुरविते. एकाचे काम दुसरे करीत नाही.

आपल्याकडील सुके बोर बव्हंशी आलुबुखाऱ्यासारखेच होय. ताज्या बोरात क जीवनसत्त्व टोमॅटोहूनही अधिक असते. परंतु उन्हात वाळविताना त्याचा बराच भाग नष्ट होतो. साखर व चोथा तेवढा टिकतो. उष्णतेने टोमॅटोतीलही क जीवनसत्त्व घटते; मात्र त्याचा लाल रंग देणारे लायकोपीन शिजविल्याने व थोड्या तेलासह घेतल्याने शरीरास अधिक मिळते.

हा भेद महत्त्वाचा का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. भात, डाळ व पालेभाजीतील लोह शरीरात नीट शोषले जात नाही; त्याच जेवणात क जीवनसत्त्व असल्यास ते अधिक शोषले जाते. म्हणून गरोदर स्त्री व वयात येणाऱ्या मुलींच्या जेवणात टोमॅटोचे सार असावे. बोरे भिजवून, शिजवून वृद्धांना व बद्धकोष्ठ असणाऱ्यांना द्यावीत. मधुमेह्यांनी ती बेतानेच खावीत.

टोमॅटो साठविण्याची रीत अशी: पक्के, न सडलेले टोमॅटो सोलून, चिरून पाच मिनिटे उकळावेत. अर्ध्या लिटरच्या स्वच्छ काचेच्या बरणीत चहाचा पाव चमचा सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, घालून वर अर्धा इंच जागा सोडून ते भरावेत. घट्ट बसणारे नवे झाकण लावून बरणी पूर्ण बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात 40 मिनिटे ठेवावी. आंबटपणा कमी पडल्यास बरणीत प्राणघातक विष तयार होऊ शकते व ते वासावरून ओळखू येत नाही. म्हणून आम्ल कधीही वगळू नये. कांदा, लसूण, मिरचीही बरणीत घालू नये. झाकण फुगल्यास वा फेस आल्यास आतील पदार्थ चाखूनदेखील पाहू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी अंगणवाडी सेविका व महिला बचत गटांच्या साहाय्याने येत्या माघात निदान एका घरी हा प्रयोग करून दाखवावा. वैशाखात ती बरणी उघडली म्हणजे गावास वेगळे सांगावे लागणार नाही.