सात मिनिटांचं उड्डाण

दोस्तांनो, रात्री गावाकडच्या अंगणात पडलेली दोरी पाहून तुम्ही कधी 'साप! साप!' म्हणून ओरडला आहात का? मग कुणीतरी बॅटरी लावतं, दोरी दिसते आणि सगळे पोट धरून हसतात. पण समजा, बॅटरी लावायच्या आधीच कुणी काठी हाणली असती, आणि तिथे मांजराचं पिल्लू झोपलेलं असतं तर?

३ जुलै १९८८ रोजी अशीच एक चूक झाली. त्या चुकीत २९० माणसं गेली.

जरा अ‍ॅटलास काढा पाहू. इराणच्या आखाताच्या तोंडाशी, इराणच्या बाजूला बंदर अब्बास सापडेल. समुद्र ओलांडला की पलीकडे दुबई. विमानानं जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. त्या रविवारी 'इराण एअर'चं ६५५ क्रमांकाचं एअरबस विमान बंदर अब्बासहून निघालं. सुटायचं होतं ९ वाजून ५० मिनिटांनी, पण २७ मिनिटं उशीर झाला. विमानात साठाहून अधिक मुलं होती. दहा भारतीयही होते.

खाली समुद्रात काय चाललं होतं? इराण आणि इराक १९८० पासून एकमेकांशी लढत होते. तेलवाहू जहाजांवर हल्ले होत, म्हणून अमेरिकेच्या युद्धनौका तिथं पहारा देत. त्यांतली 'विन्सेन्स' त्याच वेळी इराणच्या छोट्या नौकांशी चकमकीत गुंतली होती. जहाजावर 'एजिस' नावाची अतिशय आधुनिक रडार यंत्रणा होती. तिचे पडदे एका अंधाऱ्या खोलीत होते. बाहेरचं आकाश तिथून दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त ठिपके आणि आकडे.

त्यातच आदल्या वर्षीची आठवण ताजी होती. मे १९८७ मध्ये इराकी विमानानं 'स्टार्क' या अमेरिकी जहाजावर क्षेपणास्त्रं सोडली होती आणि ३७ खलाशी मारले गेले होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, नाही का? शिवाय बंदर अब्बासचा विमानतळ प्रवासी विमानंही वापरत आणि लढाऊ विमानंही.

पडद्यावर नवा ठिपका दिसला. कुणीतरी म्हणालं, हे एफ-१४ लढाऊ विमान! झालं, सगळ्यांच्या मनात तेच बसलं. एकानं प्रवासी विमानांचं वेळापत्रक चाळलं. पण विमान उशिरा निघालेलं, आणि जहाजावरच्या घड्याळात व इराणच्या वेळेत अर्ध्या तासाचा फरक! ६५५ क्रमांक त्याच्या नजरेतून सुटला.

जहाजानं रेडिओवर इशारे दिले. त्यांतले सात लष्करी लहरींवर होते. प्रवासी विमानाला ते ऐकूच येणार नव्हते. तीन इशारे नागरी लहरींवर दिले, पण 'अनोळखी विमान' असं म्हणून. हे आपल्यालाच सांगताहेत, असं वैमानिकाला कसं कळावं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. विमान वर चढत होतं. खोलीतली माणसं मात्र 'ते खाली येतंय, आपल्यावरच येतंय' असं सांगत राहिली. १० वाजून २४ मिनिटांनी 'विन्सेन्स'नं दोन क्षेपणास्त्रं सोडली. उड्डाण होऊन अवघी सात मिनिटं झाली होती. कुणीही वाचलं नाही.

चौकशीत यंत्रणेच्या नोंदी तपासल्या गेल्या. यंत्रानं सगळं बरोबर दाखवलं होतं! विमान चढतंय, प्रवासी विमानाचा संकेत देतंय, हे त्यात स्पष्ट होतं. जवळच्या 'साइड्स' या दुसऱ्या अमेरिकी जहाजाच्या कॅप्टनला तेच विमान धोकादायक वाटलं नव्हतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथे तर भर दिवसा, जागेपणी तसं घडलं.

पुढे अमेरिकी युद्धनौकांवर नागरी विमानांचं बोलणं ऐकू येईल असे रेडिओ बसवले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेनं मृतांच्या कुटुंबीयांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. मात्र कायदेशीर जबाबदारी कबूल केली नाही.

दोस्तांनो, ज्या इराणनं हे दुःख सोसलं, त्याच इराणच्या सैन्यानं ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. शत्रूचं क्षेपणास्त्र समजून! १७६ माणसं गेली. म्हणजे भीतीला देश नसतो. ती कुणाच्याही डोळ्यांवर पट्टी बांधते.

आपल्या हाती क्षेपणास्त्रं नसतात. पण वर्गात कंपासपेटी हरवली की 'त्यानंच घेतली असणार' असं आपणही म्हणतोच ना? मग त्याचं प्रत्येक वागणं चोरासारखं दिसू लागतं. अशा वेळी दप्तर पुन्हा एकदा तपासा. त्याला विचारा, त्याचं ऐकून घ्या. आधी बॅटरी लावा. काठी कुठं पळून जात नाही.