लोखंडी नांगराचा धडा : लहान धंदा कसा उभा राहतो

शेतीस जोडधंदा हवा, हें शेतकरीबंधूंना आतां नव्यानें सांगावयास नको. कोणी भुईमुगाचा लांकडी घाणा घालूं पाहतो, कोणी घरचा गूळ डब्यांत भरून विकूं इच्छितो, कोणी अवजारांच्या दुरुस्तीचें दुकान काढतो. यांपैकीं कित्येक दुकानांना दोन-तीन वर्षांत कुलूप लागतें. मग लोक म्हणतात, "भांडवल अपुरें पडलें," किंवा "नशिबांत नव्हतें." हीं कारणें अगदींच खोटीं नाहींत, परंतु पुरीं नाहींत. धंदा कशानें उभा राहतो व कशानें बसतो, हें समजून घ्यावयाचें असेल, तर ज्याचा प्रारंभ अगदीं लहान होता, ज्याचें गिऱ्हाईक शेतकरीच होता, आणि ज्याचा माल प्रथम कोणी घेईना, अशा एका धंद्याची हकीकत नीट तपासावी. ती हकीकत म्हणजे कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या लोखंडी नांगराची होय.

सायकलीच्या दुकानापासून

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्यासाठीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस ओळखतां येत नाहीं असें आढळल्यामुळें तो मार्ग खुंटला. तेव्हां त्यांनीं रंग सोडून यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या हातीं धरली, आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाचें काम केलें. तेथें बढतीची पाळी आली असतां ती दुसऱ्यास मिळाली, म्हणून नोकरी सोडून ते बेळगांवीं आले. बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं बेळगांवांत १८८८ पासून सायकलींचें लहानसें दुकान चालविलें होतें. सायकल विकणाऱ्यास ती दुरुस्त करतां आली पाहिजे. दुरुस्तीसाठीं हत्यारें लागतात. आणि हत्यारें हातीं आलीं म्हणजे नवीन वस्तु घडविण्याची इच्छा होते. अशा रीतीनें दुकानांतून कारखाना निघाला, व त्यांतून कडबा कापण्याचें यंत्र बाहेर पडलें.

येथेंच पहिली गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. लक्ष्मणरावांनीं एकदम मोठा कारखाना काढला नाहीं. जें काम हातीं होतें, त्याच्या शेजारचें काम त्यांनीं उचललें. माहीत नसलेल्या धंद्यांत उडी घालण्यापेक्षां माहीत असलेल्या धंद्यास एक फांदी फोडणें हें थोडक्या भांडवलाच्या माणसास मानवतें.

न विकलेले नांगर

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनीं लोखंडी नांगर तयार केला. आपल्या काळ्या जमिनींत जुना लांकडी नांगर ओढावयास चार ते आठ बैल लागत. तो जमीन फाडी, परंतु मातीचें ढेकूळ पालथें घालीत नसे; त्यामुळें हरळी व कुंदा यांच्या मुळ्या आंतच राहत. लोखंडी नांगर माती उलटवी, मुळ्या उन्हांत पडून वाळत, आणि उन्हाळ्याची तापणी जमिनीस चांगली मिळे. इतका उघड फायदा असतांना नांगर हातोहात खपावयास हवे होते. प्रत्यक्षांत पहिले नांगर विकावयास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमिनीस विष चढतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही गोष्ट सांगतांना शहरांतील मंडळी हंसतात. शेतकऱ्यानें मात्र हंसण्यापूर्वीं थोडा विचार करावा. ज्या हलक्या जमिनींत वीतभर मातीखालीं मुरूम किंवा चुनखडी असते, तेथें खोल नांगरून खालचा थर वर आणला, तर पीक खरोखरच कमी येतें. ज्यानें असा अनुभव घेतला किंवा ऐकला, त्यानें "विष चढलें" असें म्हटलें, तर त्याचें शास्त्र चुकलें, पण डोळे चुकले नाहींत. दुसरें असें कीं, लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यावर करून देई. त्याचें मोल सुगीच्या वेळीं धान्यांत पडे. लोखंडी नांगरास रोख पैसा हवा, आणि तो मोडला तर गांवच्या सुताराला त्यांत कांहीं करतां येत नसे. तिसरें, आणि सर्वांत मोठें, असें कीं, कडबा कापण्याच्या यंत्राचा गुण एका संध्याकाळीं कळतो. तें वाईट निघालें तर उद्यां पूर्वींप्रमाणें कोयत्यानें कडबा तोडावा. नांगराचा गुण कळावयास एक वर्ष लागतें, आणि तो वाईट निघाला तर घरांत दाणा येत नाहीं. कारखानदाराचा एक नांगर जाणार होता; शेतकऱ्याचें मात्र वर्ष जाणार होतें.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, गिऱ्हाइकाची शंका हें अज्ञान समजूं नये. त्याला काय गमवावें लागेल, याचा तो हिशेब असतो. फक्त तो आंकड्यांत मांडलेला नसतो. अशी शंका व्याख्यानानें जात नाहीं. एकाच्या शेतांत नांगर चालतो, हरळी वाळते, पीक उभें राहतें, आणि बांधावरचा शेजारी तें पाहतो; तेव्हां ती जाते. तोंपर्यंत तग धरणें एवढेंच धंदेवाल्याच्या हातीं असतें. पहिलीं दोन वर्षें विक्री होणारच नाहीं असें धरून ज्यानें घरखर्चाची तजवीज केली नाहीं, त्याचा माल उत्तम असूनहि त्याचें दुकान बंद पडतें.

आपल्यापैकीं जो घाणा घालील, त्यानेंहि हाच विचार करावा. गिऱ्हाइकाची शंका तेलाच्या वासाविषयीं नसते; त्यांत दुसरें स्वस्त तेल मिसळलें आहे कीं काय, ही असते. तेव्हां घाणा रस्त्यावरून दिसेल असा मांडावा, शेंगदाणा गिऱ्हाइकासमोर टाकावा, आणि पहिला डबा पसंत न पडल्यास पैसे परत द्यावे. नव्या मालाची पहिली जोखीम विकणाऱ्यानें घ्यावी, घेणाऱ्यावर टाकूं नये.

फाळ मिळाला पाहिजे

नांगर एकदां विकला म्हणजे काम संपलें, असें नाहीं. फाळ झिजतो, खडकाळ रानांत तर लवकर झिजतो. मृगापूर्वीं नांगरट चालली असतां फाळ निकामी झाला आणि नवा महिनाभर मिळाला नाहीं, तर शेतकऱ्यास त्या नांगराचा काय उपयोग? म्हणून फाळ साध्या पान्यानें काढतां-घालतां येणें, आणि तो जवळच्या बाजारांत मिळणें, या दोन गोष्टींवर नांगराची पत अवलंबून असते. नांगर आयुष्यांत एक-दोन वेळां विकत घेतला जातो. फाळ वारंवार घ्यावा लागतो. धंद्याची खरी कमाई परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर असते, आणि गिऱ्हाईक परत येतें तें पहिल्या अडचणीच्या वेळीं त्यास मिळालेल्या वागणुकीवरून.

जागा व साह्य

१९१० च्या सुमारास बेळगांवची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठीं सोडावी लागली. त्या वेळीं औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली व १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचें रान, सापांची वस्ती. १० मार्च १९१० रोजीं किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यांतील पलूस तालुक्यांत आहे, आणि स्टेशनासहि पुढें तेंच नांव मिळालें.

यावरून दोन धडे निघतात. एक जागेविषयींचा. बिडाचें लोखंड व कोळसा हा जड माल. तयार नांगरहि जड. असा कारखाना स्टेशनाजवळ असला म्हणजे येतां-जातां भाडें वांचतें. माळरान असून चाललें, पण रूळ जवळ हवा होता. आपल्या धंद्यांत सर्वांत जड काय आहे, कच्चा माल कीं पक्का, हें पाहून जागा ठरवावी; घरचा वाडा रिकामा आहे एवढ्यावरून ठरवूं नये.

दुसरा धडा नम्रतेचा. "स्वतःच्या बळावर उभा राहिला" असें आपण सहज म्हणतों. लक्ष्मणरावांचे कष्ट व चिकाटी निर्विवाद होत. परंतु त्यांच्या पाठीशीं भाऊ होता, सहकारी होते, आणि थांबावयास तयार असलेलें भांडवल होतें. व्याज मागणारा सावकार पहिल्या हप्त्यापासून दारांत उभा राहिला असता, तर निवडुंग तोडून होण्यापूर्वींच वाडी मोडली असती. कर्ज घेतांना रक्कम किती, एवढेंच न पाहतां तें कर्ज किती दिवस वाट पाहील, हेंहि पाहावें. नवा माल लोकांच्या अंगवळणीं पडण्यास जो काळ लागतो, त्याहून कर्जाची मुदत कमी असली, तर तें कर्ज न घेतलेलें बरें. आपल्या सोसायट्यांनींहि कर्ज मंजूर करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

माणसांच्या बाबतींतहि असेंच झालें. वाडीवर राखणीच्या कामास लक्ष्मणरावांनीं तुरुंगांतून सुटलेल्या माणसांना ठेवलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. विश्वास टाकला म्हणजे तो बहुधा फेडला जातो. आणि चांगला कारागीर टिकला तर मालाची प्रत टिकते.

संधि कोणास साधते

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. परदेशांतून येणारा माल अडला, आणि देशांत तयार झालेल्या नांगरांना मागणी आली. त्याच वेळीं लोखंड व कोळसा मिळण्याची मारामार पडली. संधि व अडचण बहुधा एकाच गाडीनें येतात. या संधीचा लाभ ज्यास झाला, तो त्यापूर्वीं दहा-अकरा वर्षें नांगर ओतीत होता. मागणी आल्यावर शिकावयास बसणाऱ्यास ती साधली नसती. १९२० सालीं धंद्याची रीतसर मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षीं शंकरराव किर्लोस्करांनीं "किर्लोस्कर खबर" हें नियतकालिक काढलें. कारखान्याच्या बातम्या सांगणारें हें पत्र पुढें मराठींतील नामांकित मासिक झालें.

आणखी एक गोष्ट. नांगराची मागणी पावसाळ्यापूर्वीं असते. भट्टी व कारागीर मात्र बारा महिने पोसावे लागतात. म्हणून कडबा यंत्र, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचें यंत्र, उसाचा चरक, आणि १९२६ पासून पाणी उपसण्याचे पंप, असा माल वाढत गेला. नवा माल घेतला तो निराळा धंदा म्हणून नव्हे. तीच भट्टी, तेच हात आणि तेंच गिऱ्हाईक वर्षभर कामास यावें म्हणून. ज्याचा घाणा सुगीनंतर चार महिनेच चालतो, त्यानें उरलेल्या आठ महिन्यांचें काम आधींच योजावें.

वहींतला नफा

शेवटीं हिशेबाविषयीं. समजा, एकानें सर्व पुंजी यंत्रांत घातली व घाणा सुरू केला. दरमहा ६०,००० रुपयांची विक्री होते. शेंकडा दहा प्रमाणें ६,००० रुपये नफा दिसतो. परंतु निम्मा माल दोन महिन्यांच्या उधारीवर जातो. म्हणजे दरमहा ३०,००० प्रमाणें ६०,००० रुपये सदैव लोकांकडे अडकलेले. दहा महिन्यांच्या नफ्याइतकी रक्कम वहींत आहे, पेटींत नाहीं! पुढच्या शेंगा कशानें आणावयाच्या? येथेंच पुष्कळ चांगले धंदे बसतात. म्हणून पुंजीचा मोठा भाग खेळता ठेवावा. आपली व घरच्या माणसांची मजुरी आणि यंत्राचा घसारा खर्चांत धरल्याशिवाय नफा काढूं नये. आणि शेतीचा व धंद्याचा पैसा एका पेटींत मिसळूं नये.

लक्ष्मणराव १९५६ सालीं निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ सालीं, भारत सरकारनें त्यांचें टपाल तिकीट काढलें. आज पुष्कळ ठिकाणीं बैलांच्या जागीं ट्रॅक्टर नांगरतो. पण त्या पहिल्या दोन वर्षांचा धडा जुना झालेला नाहीं. धंदा काढूं इच्छिणाऱ्या बंधूंनीं यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं आपल्या गांवांतील दहा घरीं जावें, आणि "घ्याल का?" असें न विचारतां "न घेण्याचें कारण काय?" असें विचारावें. जीं उत्तरें मिळतील, तीं लिहून ठेवावीं. त्यांपैकीं प्रत्येकाचें निरसन करण्याची योजना व तोंपर्यंतची पोटाची तरतूद झाली, म्हणजे मगच सोसायटीकडे कर्जाचा अर्ज करावा.