हिरवळ राखा, कष्ट वाचवा

अंगणातल्या हिरवळीचे बरेच श्रम चुकीच्या कापणीत वाया जातात. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. बुडापर्यंत खरडलेलं गवत पिवळं पडतं, त्याची मुळं उथळ राहतात आणि उघड्या मातीत तण शिरतं. पुढचं खुरपण आपणच ओढवून घेतो. कापल्यावर गवताच्या पात्यांची टोकं जवळून पाहा. ती पांढुरकी, चिंध्या झालेली दिसली, तर यंत्राला धार लावायलाच हवी. बारीक कापलेलं गवत तिथेच राहू द्यावं. त्यातलं नत्र मातीत परततं आणि घमेली वाहण्याच्या खेपा वाचतात.

पाणी सकाळी लवकर द्यावं. रोजच्या शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी, पण खोलवर भिजेल असं. १ चौरस मीटरवर १० लिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस, एवढा हिशेब पुरतो.

तणांमध्ये लव्हाळा सर्वांत चिवट. नुसता वरून उपटला, तर जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, खुरप्याने गाठींसकट काढावा. या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात मात्र टाकू नयेत, नाहीतर खताबरोबर लव्हाळा बागभर पसरेल.

पालापाचोळा कृपा करून जाळू नका. झाडांभोवती दोन-तीन इंच जाडीचं आच्छादन करा, खोडाला चिकटू न देता. ओल टिकते, तणही कमी उगवतं.